अकराव्या प्रकरणातला शिपाई

भुतं, आत्मे, संकेत... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी घड्याळ बघतो. सवयच तशी. एकोणतीस वर्षं विमा कंपनीत क्लेम तपासले. दुकान जळलं की मुद्दाम जाळलं, हे राख बघून सांगणारा माणूस मी. त्यामुळे हे वाचून कोणी मला वेड्यात काढलं तर माझी हरकत नाही. मीही काढलं असतं.

मी इंदूरला मल्हारगंजात राहतो. रिटायर झाल्यावर कादंबरी लिहायला घेतली - बंद पडलेल्या कापड गिरणीतल्या एका क्लार्कची गोष्ट. इंदुरात बसून मराठी कादंबरी लिहिणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल. पुण्याचे प्रकाशक उत्तर देत नाहीत आणि घरातली मुलं मराठी वाचत नाहीत. उरतं आमचं रविवारचं साहित्य मंडळ. सकाळी दहाला आठ-दहा जण जमतात, प्रत्येक जण स्वतःचं वाचून दाखवतो आणि दुसऱ्याचं सुरू झालं की आपल्या पोह्यांवर शेव किती पडली ते बघत बसतो. मीही त्यातलाच.

या मंडळात गायकवाड काका यायचे. पोस्टातून रिटायर झालेले, मूळ महूचे, आजोबा फौजेत. खुर्च्या मांडायला ते सगळ्यांच्या आधी हजर असत. वाचायची पाळी मात्र त्यांच्यापर्यंत कधी पोचत नसे... तोवर वेळ संपलेली असायची. एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन एक पार्सल दिलं. जुन्या पोस्टाच्या पद्धतीनं पांढऱ्या कापडात शिवलेलं, शिवणीवर लाखेची सीलं. आत त्यांची हस्तलिखित कादंबरी होती.

"बस एक बार वाचा साहेब, और साफ-साफ सांगा. मी बुरा नाही मानणार."

ते पार्सल मी दोन वर्षं कपाटावर टाकून ठेवलं. उघडलंसुद्धा नाही. भेटले की म्हणायचो, "चालू आहे वाचन." 

दरम्यान माझी कादंबरी पूर्ण झाली. मी रजिस्टरमध्ये निळ्या पेनानं लिहितो. ते रजिस्टर राजवाड्यामागच्या गल्लीत डीटीपी करणाऱ्या सुनीताकडे दिलं. लग्नपत्रिका, शोकसंदेश, सगळं ती करते, आणि मराठी टाइप करणारं आता तिच्याशिवाय मला कोणी माहीत नाही. प्रिंटआउट दोनदा वाचून मी पुण्याला पाठवला.

त्यानंतर काही महिन्यांनी गायकवाड काका रस्त्यात भेटले. खूप वाळले होते. "साहेब, ते पार्सल..." एवढंच म्हणाले. मी घरी आलो, कात्रीनं शिवण कापली आणि वाचल्यासारखं दिसावं म्हणून पाच-सहा पानांचे कोपरे दुमडले. हो, केलं मी हे. दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत नेऊन दिला. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. काहीतरी बोलणं भाग होतं.

"अकरावं प्रकरण तर कमाल आहे, काका."

अकरावंच का? तोंडात आला तो आकडा. त्यांचे डोळे भरून आले.

"तेच असली आहे, साहेब. बाकी तर बस ऐसेच."

आठ महिन्यांनी ते गेले. मी स्मशानात जाऊन आलो, मंडळात दोन मिनिटं उभा राहिलो आणि विसरलो.

मग एका दुपारी पुण्याहून फोन आला. प्रकाशकाकडच्या संपादक बाई होत्या. कादंबरी घेतोय म्हणाल्या. मी खुर्चीत बसायचंही विसरलो. "खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "बाकी पुस्तक ठीक आहे. पण ते अकरावं प्रकरण! तो शिपाई! पलटणीतून काढून टाकलंय हे घरी सांगत नाही, रोज सकाळी वर्दी घालून निघतो, परेड ग्राउंडच्या कडेला झाडाखाली बसतो आणि संध्याकाळी परत येतो... त्या एका प्रकरणासाठी आम्ही हे पुस्तक काढतोय."

माझ्या अकराव्या प्रकरणात गिरणीचा संप आहे. शिपाई माझ्या कादंबरीत कुठेच नाही. मी "थँक्यू" म्हणालो आणि फोन ठेवला.

प्रिंटआउटची माझ्याकडची प्रत काढून बघितली. शिपाई. रजिस्टर उघडलं. चौदा पानं, निळं पेन, माझंच अक्षर. पान फाडलेलं नाही, चिकटवलेलं नाही. मी दोनदा वाचलेला संप गायब! तसाच सुनीताकडे गेलो.

"काका, हेच तर टाइप केलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्हाला बोलली पण होती ना, ये वाला पढ़के तो रोना आ गया." तिनं कॉम्प्युटरवर फाइलची तारीख दाखवली. मी शिवण कापली, त्याच्या पाच महिने आधीची. म्हणजे हे टाइप झालं तेव्हा पार्सल माझ्या कपाटावर होतं आणि लाखेची सीलं शाबूत होती. क्लेमच्या फाइलीत मी याच मुद्द्यावर माणसांना खोटं ठरवत आलो.

गायकवाड काकूंकडे गेलो. पुन्हा एकदा वाचायचंय, असं सांगितलं. त्यांनी आनंदानं गठ्ठा काढून दिला. अकरावं प्रकरण उघडलं. शब्द न् शब्द तोच. एका ठिकाणी काकांनी 'बूट' खोडून 'जोडे' केलं होतं. माझ्या रजिस्टरातही त्याच ओळीत तीच खोडाखोड होती.

"हे यांच्या आजोबांचं आहे," काकू म्हणाल्या. "घराच्या बाहेर कोणाला मालूमच नाही. यांनी पण बहुत हिंमत करून लिहिलं."

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी संपादक बाईंना कळवलं - ते प्रकरण काढा, ते माझं नाही, दुसऱ्याचं चुकून आत आलंय. बाई म्हणाल्या, "त्याच्याशिवाय मग... आपण नंतर कधीतरी बघू." नंतर म्हणजे काय, ते मला कळतं. साठी उलटलेल्या माणसाचं पहिलं पुस्तक तिथे संपलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. एवढं सोडणारा कोण आहे आजकाल?

महिनाभरानं तो अभिमान आणि ते रजिस्टर घेऊनच मी काकूंकडे गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. न वाचता कोपरे दुमडले तेसुद्धा. त्या चिडल्या नाहीत. रजिस्टरवर हात फिरवत ऐकत होत्या. मी प्रकरण काढायला लावलं, असं सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"मतलब... छापणार होते?"

"हो."

"आणि तुम्ही मना केलं?"

"माझं नव्हतं ना ते, काकू."

"तुमचं नव्हतं तर यांचं नाव लिहायचं ना वर," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चाळीस साल लिहिलं त्यांनी. एक कागद छापला नाही कोणी. यांचं नाव सांगता नाही आलं तुम्हाला?"

मला ते सुचलंच नव्हतं. माझ्या नावानं छापायचं की काढून टाकायचं, एवढ्यातच मी दोन रात्री तळमळत होतो.

त्याच संध्याकाळी पुण्याला फोन केला. त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. नव्या माणसानं मेल करा म्हणून सांगितलं. मेल केले, चार वेळा; एकाचंही उत्तर आलं नाही. काकू आता फोन उचलत नाहीत.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही ते कधीतरी वाचलं आणि विसरलात. कोणी म्हणेल, काकांचा आत्मा. मला दोन्ही पटत नाही. रजिस्टर माझ्यासमोर आहे, अक्षर माझं आहे, आणि ती चौदा पानं तिथे कशी आली याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. काकांचं नाव मला का सुचलं नाही, याचं उत्तर मात्र आहे, आणि ते मंडळात त्यांनी मांडलेल्या खुर्च्यांपाशी सुरू होतं. ते लिहायला चार वेळा बसलो आणि चारही वेळा उठलो.