वजनकाट्यासाठी ठेवलेली ओळ

साखर कारखान्यात माझं काम सर्व्हर सांभाळायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या आष्ट्याकडच्या नातेवाइकांना ते काम समजावून सांगता सांगता माझी जीभ झिजली. मग मी ‘टायपिंग करते’ असंच सांगायला लागले.

उसाच्या वजनकाट्यावर एक जुनाट कॉम्प्युटर होता. सर्व्हरवरच्या फाइली उघडायची त्याला एकच पद्धत यायची, जुन्या प्रोटोकॉलची. सर्व्हरची नवी आवृत्ती आली, की तो प्रोटोकॉल बंद होऊनच यायचा आणि सेटिंगच्या फाइलीत मी घातलेली एक ओळ तो परत चालू करायची. पुण्याहून येणारा इंजिनिअर वैतागायचा. “हे कुणासाठी ठेवलंय, मॅडम?”

“एका माणसासाठी.”

तो माणूस म्हणजे काटेवाले मामा. माण तालुक्यातले, फौजेतून निवृत्त. त्यांना तेवढा जुना कॉम्प्युटरच चालवता यायचा; तो गेला, की काट्यावर नवा माणूस येणार आणि मामा फाटकावर पहाऱ्याला जाणार, हे ठरलेलं होतं. मामा माझ्या दारात येऊन उभे राहायचे. “पलटणीत लय पहारा दिला, ताई. आता म्हातारपणी येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकू व्हय?”

खंडेनवमीला ते हळदकुंकू घेऊन आले. “ती वळ कुठं हाय?”

“मामा, ती काही वस्तू नाही. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली आहे.”

“मग दावा की!”

मी फाइल उघडली. वरची पहिलीच ओळ. मामांनी बरोबर तिच्यावर, थेट काचेवर, कुंकवाचं बोट टेकवलं. झेंडू काचेला चिकटेना, म्हणून कीबोर्डवर ठेवला. कीबोर्डात कुंकू सांडलं तशी मी ओरडले. मामा म्हणाले, “चांगलं असतंय ते.”

पुढे इंजिनिअर नवी आवृत्ती घेऊन आला. त्यानं फाइल उघडली आणि पहिल्या ओळीवरचं कुंकू बघत बसला.

“हे काय आहे?”

“पूजेचं.”

त्यानं हात मागे घेतला. “तुम्हीच काय ते करा, मॅडम.” मी काहीच केलं नाही.

मामा काट्यावरूनच निवृत्त झाले. निरोपाची शाल अंगावर तशीच ठेवून माझ्या खोलीत आले. “आता बंद करा ती वळ. माझ्यापायी लय तरास काढलासा.”

खोडायला म्हणून मी फाइल उघडली. मामा ताठ झाले, टाच आपटली आणि पडद्याला कडक सलाम ठोकून निघून गेले.

ओळ काही मी खोडली नाही.