पाहुण्यासाठी बुजवलेले खड्डे

जालना-मंठा सडक आमच्या गावावरून जाते, असं लोक म्हणत. मला विचाराल तर ती जालन्याहून निघायची आणि आमच्या गावाच्या बरीच अलीकडे जीव सोडायची. पुढं काळ्या मातीतली नुसती चाकोरी, आणि मधे बिनपुलाचा नाला. समोरून दुसरी गाडी आली की दोघे गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत, आणि ज्याचा आवाज लहान तो गाडी शेतात उतरवी. पावसाळ्यात भांडायलाही कुणी नसे, कारण गाडीच निघत नसे.

निजामाच्या राज्यातले दिवस. माझी नणंद पहिल्या खेपेला भर पावसात याच वाटेवर अडकली होती. पोर गेलं, ती कशीबशी वाचली. जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पुढच्या वेळी हिला वेळेत इथं आणा, घरी जमणार नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि सासरच्यांनी तिला आमच्याकडेच ठेवलं होतं. आमच्या घरात सडकेचं नाव निघे ते तिच्यासाठी. बाकी गावाला सडक हवी होती ती कापसाच्या गाड्यांसाठी; त्यांचं ज्याचं त्याने बघावं.

आमच्या मालकांनी वर्षभर चपला झिजवल्या. गावोगावच्या लोकांना तयार केलं, हैद्राबादला खेटे घातले आणि शेवटी तिथल्या कौन्सिलातले एक मेंबर गाठले. ते म्हणाले, सडक रुंद करायला आणि नाल्यावर पूल बांधायला सरकारी रक्कम मिळावी असा ठराव मी मांडतो, पण आधी सडक स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. आम्हाला आनंद झाला. बघा म्हणावं, खुशाल बघा! दाखवायला खड्ड्यांची आमच्याकडे काय कमी होती?

पण गावाला पाटील होते, आणि ते माझे चुलत सासरे होते. हाकिम दौऱ्यावर यायचा म्हणजे आधी रस्ता सारखा करायचा, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. तहसिलीचा शिपाईही येऊन बसलाच. गावकुसाबाहेरच्या माणसांना त्याने हातातली कामं टाकायला लावून बेगारीला धरलं. मुरूम वाहायला लावला, नाल्यात दगड आणि काट्याकुट्या भरायला लावल्या. मजुरी सोडा, कुणी भाकरीसुद्धा विचारली नाही. आमच्या बायकांना हुकूम सुटला की वेशीपासून सडा घाला, रांगोळ्या काढा.

आमचे मालक काकुळतीला आले. "काका, त्यांना खड्डेच दाखवायचेत. त्याच्यासाठीच बोलवून राह्यलो ना आपण?"

"पाव्हण्याची मोटर फसली तर इज्जत कुणाची जाईल?" पाटील म्हणाले. "गाव आळशी हाय म्हणंल त्यो. बिलकुल न्हाई जमायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सड्याला हात लावला नाही. बाकीच्या मात्र हौसेने पाणी शिंपडून आल्या, आणि एकीने तर नाल्याच्या तोंडाशी कमळ काढलं.

मेंबरसाहेब आले. मोटार जालन्याहून न अडखळता आली आणि आमच्या दारात उभी राहिली. जेवायला बसल्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही फारच वाढवून सांगितलं होतं हो. रस्ता तर छान आहे."

मालक काही बोलायच्या आत पाटलांनी हात जोडले. "साहेब, रयत राबते. मनापासून राबते."

मी आत पोळ्या भाजत होते. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती. पण ते 'मनापासून' ऐकलं आणि माझा तोल गेला. पदर सावरून मी दारात आले.

"साहेब, मुरूम कालचाय. मोटर गावापुढं मंठ्याकडं घालून बघा. मंग सांगा छान हाय का न्हाई."

पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. साहेब हसले. "बाई तेज आहेत," म्हणाले, आणि त्यांना जालन्याहून आगगाडी गाठायची होती म्हणून हात धुऊन उठले. आल्या रस्त्याने परत गेले. त्या दिवशी घरात कुणी माझ्याशी बोललं नाही, मालकसुद्धा.

पुढं जालन्याच्या एका वकिलांकडून कळलं. साहेबांनी कौन्सिलात भाषण केलं म्हणे, की ती सडक मी जातीने पाहिली आहे, लोक उत्साहाने तिची देखभाल करतात, तिथं सध्या रकमेची गरज नाही. रक्कम दुसऱ्या सडकेला गेली. उत्साह! बेगारीला धरलेल्या माणसांच्या पाठीवरचे शिपायाच्या छडीचे वळ त्यांनी बघायला हवे होते.

पाऊस ओसरला की, नववा लागताच नणंदेला जालन्याला नेऊन ठेवायचं ठरलं होतं. कळा आठव्यातच सुरू झाल्या, भादव्यात. गाडी जुंपली, पाटीलही सोबत निघाले. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. नाल्यात चाक गेलं ते गेलंच. बैल गुडघ्यावर बसले. पाटील स्वतः कमरेएवढ्या चिखलात उतरले, चाकाला खांदा लावला, पायाने तळ चाचपू लागले.

"हितं तर मुरूम टाकल्ता आपण," ते म्हणत होते. "बराबर हितंच टाकल्ता."

मुलगा झाला, तो गाडीतच. रडला नाही. मी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही.

आम्ही गाडी परत फिरवून घरी आलो. नणंदेला आत निजवलं. पाटील ओट्यावर बसून राहिले, अंगावरचा चिखल तसाच. जरा वेळाने म्हणाले, "सूनबाई, घोटभर पाणी."

घागर माझ्या हाताशी होती. मी नणंदेला पाणी पाजलं आणि दार लावून घेतलं.