मामा आणि बंदुकीचा खटका

माझ्या बायकोच्या मामांचा देवावर, सरकारवर, एवढंच काय, हवामान खात्यावरही विश्वास. पण ‘सेफ्टी’ नावाच्या खटक्यावर त्यांनी जन्मात कधी विश्वास ठेवला नाही. आणि नोकरी कसली, तर अल थुमामाच्या स्टेडियमवर सेफ्टी इन्स्पेक्टरची! वर्ल्ड कप तोंडावर आलेला, सगळा कतार घाईत, आणि हे उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाचा पट्टा तीन-तीनदा ओढून बघणार. आमच्या नाशिकचा एक फिटर वैतागून म्हणाला, “मामा, पट्ट्याआधी पँट सुटेल!” मामा म्हणाले, “सुटू दे. पँट खाली पडली तर चालेल, तू नको.” अल वक्र्याला आमच्या घरी आले, की हँडब्रेक ओढूनही ते गाडीच्या चाकामागे वीट ठेवत. तिथे चढ औषधालाही नाही. कुकरची शिट्टी चिमट्याने उचलून पाहिल्याशिवाय झाकणाला हात लावू देत नसत. माझी मुलगी हसायची, “आजोबा, इट्स लॉक्ड!” मामा म्हणत, “लॉकाला काय कळतंय गो?”

या हट्टापायी एकदा माझी नोकरीच जायची वेळ आली. माझ्या कराराचं नूतनीकरण अडलं होतं आणि रविवारी आमचे कतारी साहेब त्यावर सही करणार होते. त्याआधीच्या शुक्रवारी त्यांनी मला वाळवंटात शिकारीला बोलावलं आणि पाहुणे म्हणून मामांनाही. एक जागा सोडून दुसरीकडे निघताना साहेबांनी आपली दुनळी बंदूक मागच्या सीटवर ठेवली. नळ्यांचं तोंड नेमकं पुढे बसलेल्या माझ्या पाठीकडे. मामा गाडीत चढेचनात.

“साब, पहले बंदूक खोलो.”

“सेफ्टी है, खलास! यल्ला, बैठो.”

“सेफ्टी सिर्फ चाप रोकता है, साब. अंदर का हथौडा नहीं. गाडी उछली तो?”

साहेबांचा चेहरा लाल झाला. मामांनी सरळ वाळूत बसकण मारली. मी खाली उतरून हात जोडले, “मामा, माझं रिन्युअल…”

“जावईबापू, रिन्युअल करायला जावई शिल्लक हवा.”

मी मनातल्या मनात मामांना काय काय म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी साहेबांनी चिडून बंदूक मधोमध वाकवून उघडली. आत दोन्ही काडतुसं होती. साहेबांनी ती खिशात टाकली आणि शिकार सोडून गाडी थेट परतीच्या वाटेला लावली. रविवारी सही झाली. फाईल देताना त्यांनी फक्त विचारलं, “मामा कैसा है?”

करार संपला मामांचाच. स्टेडियम उभं राहिलं आणि पहिला सामना बघायच्या आत त्यांना कोकणात परतावं लागलं. विमानतळावर मी विचारलं, “एवढा राग का हो त्या खटक्यावर?”

“आमच्याकडे डुकरांसाठी परवान्याची बंदूक होती. खटका लावलेली. एकदा खुंटीवरून पडली न् उडाली. छर्रे पाळण्यातून आरपार.”

“आणि बाळ?”

“रडत होती म्हणून मी वासरू दाखवायला गोठ्यात नेली होती. ताई बाळंतपणाला आलेली तेव्हा.” मग बॅग उचलत म्हणाले, “तिला सांगू नका, जावईबापू.”

मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. कुकर उतरला की आता मीच चिमटा घेऊन उभा राहतो. बायको हसते, “मामाचं वेड लागलं वाटतं तुम्हाला!” मी तिला आधी दोन पावलं मागे सरकायला लावतो आणि मगच शिट्टी उचलतो.