विहिरीवर ऐकलेला भैरव

नाद कानावर पडणे आणि त्याचे श्रवण घडणे, यांतील अंतर ओलांडायला एखाद्या गावाला पिढ्या लागतात. चांदूर बाजारच्या उगवतीला वसलेल्या एका लहानशा गावाने ते अंतर हिवाळ्यातल्या एका सकाळी ओलांडले. ते पुण्य ज्यांच्या पदरी पडले, ते नत्थुजी काही पंडित नव्हते. वडिलार्जित काळ्या रानात कापूस आणि ज्वारी पिकवणारे, अक्षरओळख बेताची असलेले आणि बोलण्यात रोखठोक असे ते गृहस्थ होते.

तरुणपणी ते वडिलांबरोबर कापसाचे बैल घेऊन मिर्झापूरच्या वाटेला जात. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून नागपूर, जबलपूर करीत गंगाकाठी पोचे. अशाच एका खेपेला पुढची नदी उतरेना, म्हणून तांडा नागपुरात अडकून पडला. मुक्कामाशेजारच्या देवळात भोसल्यांच्या दरबारातले एक ध्रुपदिये पहाटे सेवा करीत. त्यांना सारे मिसरजी म्हणत. पहिले काही दिवस नत्थुजींना त्या गाण्यात काहीच सापडले नाही. मग एका पहाटे, का ते त्यांनाही सांगता आले नसते, बैलांना पेंड घालता घालता त्यांचा हात थांबला आणि डोळे भरून आले. पाणी ओसरले, तांडा पुढे गेला. ती पहाट मात्र त्यांच्या अंतःकरणात तशीच राहिली.

पुढे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. मिसरजींचा आश्रय सुटला. आणि इकडे अमेरिकेत यादवी पेटून तिथला कापूस अडला, तसा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, लग्नामुंजींत तमाशाचे फड दूरदूरहून येऊ लागले. नत्थुजींच्याही घरी लक्ष्मी आली. त्यांना कळले की मिसरजी आता म्हातारे झाले असून नागपूर कायमचे सोडून काशीला निघणार आहेत. त्यांनी मनाशी एक संकल्प केला. मिसरजींना गावी आणायचे, गावाला ते गाणे ऐकवायचे. आणि गावाने ऐकले, तर मळ्याकाठचे घर त्यांना राहायला द्यायचे.

अमरावतीचे अडते महादेवराव हे ऐकून हसले. "नत्थुजी, आपल्या वऱ्हाडात कापूस मस्त पिकते. कान नाही पिकत. एखादा फड आना, नाहीतर मंडप तवाच रिकामा होईन."

नत्थुजी म्हणाले, "तुमी या. आन् सगळ्यात शेवटी उठजा, म्हंजे रिकामा झाला का नाही ते पायता येईन."

मिसरजी आले, बरोबर पखवाज वाजवणारा भाचा. संध्याकाळी मंडपात जाजमे पसरली गेली. सारा गाव आणि अमरावतीहून महादेवरावही आले. मिसरजींनी तंबोरा जुळवला, डोळे मिटले आणि श्री रागाचा आलाप आरंभिला. खर्जातला एकेक स्वर समईच्या ज्योतीसारखा स्थिर. शब्द नव्हते, ताल नव्हता, पखवाजावर भाच्याचे हात नुसते विसावले होते.

गाव गाण्याची वाट पाहत राहिले.

"काहून बे, हा सुरू कवा करते?"

"थांब न, तार लावून राहिला."

"तार तर मघाच लागली. आता गळा लावून राहिला वाटते."

पुढच्या रांगेत बसलेले खुशालराव माळी कनवाळू मनुष्य. ते बायको जयवंताकडे वळून कळवळ्याने म्हणाले, "बिचाऱ्याचा गळाच बसला. नागपूरपासून धूळ खात आला नं."

जयवंताने ही वार्ता आतल्या बायकांत नेली. नत्थुजींच्या पत्नी दुर्गाबाई यांनी घाईने चूल पेटवून सुंठ-गुळाचा काढा केला. आलाप ऐन रंगात येत असताना जयवंता तो पेला घेऊन सरळ मिसरजींपुढे जाऊन उभी राहिली.

"घ्या महाराज. गरम हाये तवर घ्या, मंग म्हना."

मिसरजींनी डोळे उघडले. पेला पाहिला, तो आणणारीचा चेहरा पाहिला. दोन्ही हातांनी पेला घेऊन त्यांनी काढा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि म्हणाले, "माई, अमृत है।" मग तंबोऱ्यावर खोळ चढवली. पाहुण्याला आराम पडो असे म्हणत गाव अगदी सहानुभूतीने घरोघर गेले. महादेवराव खरोखरच सर्वांच्या शेवटी उठले, तेही सावकाश पान लावून.

मिसरजी नत्थुजींना म्हणाले, "आपके लोग बहुत भले हैं। पर गाना दया पर नहीं चलता। सवेरे गाड़ी जुतवा दीजिए।"

नत्थुजींना आपली चूक तेव्हा उमगली. आपल्याला जे नागपूरच्या त्या लांबलेल्या मुक्कामात हळूहळू उलगडले, ते गावाला एका बैठकीत आपोआप कळेल असे ते धरून चालले होते. गावाला त्यांनी वाट दाखवलीच नव्हती.

सकाळी गाडी जुंपून तयार होती. मिसरजी स्नानाला खुशालरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर गेले. नत्थुजी सोबत होते. मागून दातण चावीत महादेवरावही आले. वांग्या-मिरच्यांना पाणी चालले होते. खुशालराव धावेवरून बैल उलटे आणीत मोट विहिरीत सोडत, बुडेपर्यंत थांबत, मोटेचा दोर, नाडा, ताठ झाला की "भरली" असा हाकारा देऊन बैल पुढे हाकत. पाणी थारोळ्यात कोसळे आणि पाटाने वळून वाफ्यांत जाई.

नत्थुजी कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खुशालराव, मोट खाली जाईस्तवर एवढा येळ कायले घालवता? अर्धीच ओढा न."

खुशालरावांनी त्यांच्याकडे वेड्याकडे बघावे तसे बघितले. "भरल्याबिगर ओढू काहून? वारा पाजू का मिरच्याले?"

"मंग काल मिसरजी काय करून राहिले होते? मोट खाली सोडून राहिले होते. खोल, अजून खोल. आन् तुमी त्याहिले काढा पाजला."

खुशालरावांचा हात कासऱ्यावर थबकला. मग जरा रागानेच म्हणाले, "मंग हे काल सांगाले काय झालं होतं तुमाले? आमाले काय सपन पडते?"

"चुकलं माह्यं," नत्थुजी म्हणाले.

महादेवराव हसले. "आता मोटेले गानं शिकवता का नत्थुजी?"

खुशालरावांनी तिकडे लक्षच दिले नाही. त्यांनी बैल सोडून लिंबाखाली बांधले, खांद्यावरच्या उपरण्याने विहिरीकाठचा ओटा झाडला आणि स्नान करून आलेल्या मिसरजींपुढे हात जोडले. "महाराज, आमच्याकून गलती झाली. एक डाव इथंच म्हना. या बारीले मोट आमी पाहून राहू."

मिसरजींना सारे शब्द कळले नसतील. पण बंद केलेली मोट आणि झाडलेला ओटा ही भाषा कोणत्याही कलावंताला कळते. त्यांनी गाडीतून तंबोरा मागवला. भैरव रागाची वेळ होती.

वाफ्यांतली बायामाणसे काठाशी येऊन बसली. षड्ज लागला आणि आलाप खाली उतरू लागला. मंद्रातला धैवत, त्याच्याही खाली पंचम. जणू विहिरीच्या एकेका थरातला अंधार स्वर चाचपून पाहत होता. खुशालरावांचे डोळे नाडा न्याहाळावा तसे मिसरजींच्या कंठावर खिळले होते. एका सुंदर जागेवर महादेवरावांनी दरबारी थाटात "वाहवा" म्हटले, तशी जयवंता हळूच फिसकारली, "थांबा न भाऊ. भरू तर द्या."

मग तो स्वर तळाशी पोचला, तिथे टेकला, जड झाला आणि आंदोलने घेत वळला. एकेक स्वर मागे टाकीत षड्जावर येऊन पूर्ण झाला. खुशालरावांच्या तोंडून, बैल समोर नसताना, आपसूक निघाले, "भरली."

मिसरजींनी डोळे उघडले. त्यांनी राजांची शाबासकी ऐकली होती, सरदारांच्या माना डोलताना पाहिल्या होत्या. ते खुशालरावांकडे बघून म्हणाले, "हाँ भैया, भर गई।" आणि पुन्हा डोळे मिटून आलाप वर नेऊ लागले. पुढे पखवाज घुमला, ध्रुपद उभे राहिले, उन्हे लिंबाच्या शेंड्यावरून खाली आली. त्या दिवशी मिरच्या कोरड्या राहिल्या आणि कुणीही त्याची खंत केली नाही.

पुढे अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले. चांदीच्या शेंब्या उतरल्या, फडांच्या बिदाग्या आटल्या. मिसरजींपुढे रोज भरू लागलेली या गावची पहाटेची बैठक मात्र चालू राहिली, कारण ती कापसाच्या भावावर उभी नव्हती. मिसरजींचे शिष्य अकोल्यापर्यंत गायला जात. तिथल्या जाणत्यांना नवल वाटे की ही खेड्यातली पोरे आलापाची घाई कशी करीत नाहीत. नत्थुजी स्वतः कधी एक स्वरही गायले नाहीत. पण वऱ्हाडच्या मातीला श्रवण शिकवणाऱ्यांत त्यांचे आसन मानाचे आहे, हे अभिमानाने सांगावे लागेल.

त्या सकाळी जुंपलेली गाडी नागपूरला गेलीच. ती नत्थुजींनी स्वतः हाकली. मिसरजी मळ्याकाठच्या घराच्या ओसरीवर बसले होते. गाडी त्यांच्या पत्नीला आणि मागे राहिलेल्या दुसऱ्या तंबोऱ्याला आणायला चालली होती. वाटेतल्या एका गावी ओळखीच्या माणसाने विचारले, "पाहुने गेले का हो काशीले?"

नत्थुजींनी गाडी थांबवली नाही. छाती मात्र त्यांची रुंदावली असावी.

"पाहुने कायचे? आमच्या गावचे गवई हायेत ते. त्याहिचं घर आनाले चाललो."