क्लबाचा इतिहास मी लिहिला

फुटबॉलच्या सामन्यात हाफ-टायमाला संत्री यायची. ताटलीत, सोललेली. बाकीचे दहा जण ताटलीतून उचलायचे. माझ्या हातात क्लबाचे सेक्रेटरीसाहेब वरून फोड टाकायचे. बोट लागू नये म्हणून. पहिल्या सामन्याला मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून ओंजळ पुढे केली. माझा बाप याच क्लबात बॅक खेळला, त्याला तसंच घेताना मी पाहिलं होतं. त्यांनी टाकलं याची लाज नंतरची. आधीची लाज माझ्या ओंजळीची.

राज्य नवं झालं. रायपूर राजधानी. जो तो जमीन मागायला निघाला, आमचा क्लबही मैदान मागायला निघाला. मंत्री येणार, स्मरणिका निघणार, तिच्यात क्लबाचा इतिहास हवा. साहेब शंकर नगरातल्या बंगल्यातून आमच्या पाऱ्यात, आमच्या वस्तीत आले. घरात शिरले नाहीत. स्कूटरवर बसूनच म्हणाले, "तू पर्चे बढिया लिहितो. आमचा इतिहास तूच लिही. अन् मंत्र्यासमोर वाच पण तूच."

मी फुललो. खरंच फुललो. सकाळी कारखान्यांच्या गेटवर समतेचे पर्चे वाटायचे आणि घरी येऊन लिहायचं : आमच्या क्लबात कधी कोणाची जात विचारली गेली नाही. तसं ते खरंच होतं. विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांना माहीत होती.

छापून आल्यावर बापाला वाचून दाखवलं. उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमधून शिफ्ट करून आलेला, भुवयांवर धूळ. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "बाबू, हा कोनता क्लब व्हय? मी खेळलो तो तं हा नाई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

समारंभात त्या जातीच्या वाक्यापाशी आलो आणि पुढे वाचता येईना. माईकवर सांगितलं, हे खोटं आहे, मीच लिहिलंय. फोड वरून टाकतात तेही सांगितलं. माझं आणि बापाचं. साहेबांनी माईक काढून घेतला आणि मंत्र्याकडे बघून हसले. "मंचावर चढवलं की ही माणसं असंच करतात."

टीममधलं कोणी उठलं नाही. गोलकीपर माझा दोस्त. तो बाहेर येऊन एवढंच बोलला, "यार, पहले ग्राउंड तो मिलने देता."

बापही मागच्या खुर्चीत बसून ऐकत होता, माझ्यासोबतच घरी निघाला. दारात आल्यावर म्हणाला, "माहं काहून सांगितलं सगळ्याइसमोर? मले इचारलं होतं का तू?"

नव्हतं विचारलं. त्याच्या इतिहासाचं खोटंही मी न विचारता लिहिलं, खरंही न विचारता बोललो.

स्मरणिका शहरभर वाटून झाली. त्या वाक्याखाली माझं नाव आहे, ते आता निघत नाही. म्हणून दुसरा इतिहास लिहून राहिलो. जुन्या खेळाडूंच्या घरी जातो, विचारतो, ते हो म्हणाले तरच लिहितो. बाप अजून हो म्हणाला नाही. त्याचं पान कोरं ठेवलंय. पहिल्या पानावर खोटं लिहिणाऱ्यांची नावं येतील. साहेबांचं दुसरं. पहिलं माझं. मैदान मिळो, न मिळो.