पोस्टिंगवरची पोरगी

आमच्या घरात एक नियम होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. फौजेतल्या माणसाला वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. तो रजेवर येऊ दे, अंघोळ करू दे, दोन घास पोटात जाऊ देत, मग सांगायचं. कराडच्या पुढं आमच्या गावात घराआड एक माणूस फौजेत, त्यामुळं हा नियम अख्ख्या गावाचाच. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, सीमेवर असताना त्यांची आई गेली. ते रजेवर आले तेव्हा तिचं दिवसकार्य होऊनही कितीतरी दिवस उलटले होते, आणि एस.टी.तून उतरताना आबांच्या हातात तिच्यासाठी आणलेली शाल होती. तरी ते कधी चिडले नाहीत. उलट म्हणायचे, बरं केलं सांगितलं नाही, तिकडं बर्फात बसून मी काय करणार होतो? लहानपणापासून मला ह्या गोष्टीचा लय राग. आबांना येत नाही म्हणून जास्तच यायचा.

मी तेवीस वर्षांची असताना जर्मनीला गेले. तिकडं तरुण पोरापोरींना वर्षभर वृद्धाश्रमात कामाला घेतात. राहायला खोली, जेवण आणि थोडा हातखर्च देतात. साताऱ्याला क्लास लावून ती भाषा शिकले, जीभ पार वाकडी झाली. भावकीनं नाकं मुरडली. परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायला एवढ्या लांब कशाला जायचं, ते तर इथंही आहे, असं एक चुलती माझ्या तोंडावर म्हणाली. मी उत्तर देणार होते, आणि माझं उत्तर काही चांगलं नसतं. पण आबांनी आधीच सगळ्यांची तोंडं बंद केली. देवळाच्या कट्ट्यावर बसून चार लोकांत म्हणाले, पोरगी पोस्टिंगवर चाललीय. आमच्याकडं त्या शब्दाला मान आहे.

बॅग त्यांनीच भरली. कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या, मधल्या फटीत शेंगदाण्याच्या चटणीच्या पिशव्या, सगळं कसं कडक शिस्तीत. विमानतळावर आई रडली, भाऊ रडला, मी तर नाक पुसून पुसून लाल केलं. आबांनी फक्त माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाले, थंडीत कान झाकत जा. बास, एवढंच.

तिकडं माझ्याकडं जे लोक होते, त्यात एक आजोबा होते. उमेदीत रेल्वेचं इंजिन चालवायचे. आता उजवं अंग लुळं पडलेलं, बोलणं अर्धंमुर्धं, राग मात्र शाबूत. सकाळी त्यांना उठवून कपडे घालायचे हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं: घालताना आधी लुळा हात. बाहीच्या टोकातून आपला हात आत घालायचा, त्यांची बोटं धरायची आणि बाही वर सरकवायची. चांगला हात नंतर. काढताना उलटं. मी घाई केली की ते जर्मनमधून शिव्या घालायचे, मी मराठीतून, आणि दोघांनाही बरं वाटायचं. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात होती. ती भेटायला यायची तेव्हा माझे हात धरून आभार मानायची, आणि मला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. तिच्या बापाला मी अंघोळ घालत होते आणि माझा बाप कुठं तर कराडच्या पुढं.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल असायचा. थंडी सुरू झाली तसे आबा कॉलवर कमी यायला लागले. कधी झोपलेत, कधी रानात गेलेत, कधी घसा बसलाय. कारखाना सुरू झालेला, उसाला तोड आलेली. अशा दिवसांत रानात जाणार नाहीत तर कुठं, म्हणून मीही मान डोलावली. आले तरी कॉटवर घोंगडी पांघरून एका अंगाला वळून बसलेले. गालाची एकच बाजू दिसायची. मी चिडवायची, आबा, पासपोर्टचा फोटो समोरून काढतात, असा तिरका नाही. ते डावा हात वर करायचे आणि भाऊ लगेच मोबाइल आईकडं वळवायचा. आईचं एकच पालुपद, सगळं ठीक हाय, तू जेवलीस का?

जानेवारीतल्या एका रविवारी भाऊ मोबाइल खिडकीत टेकवून दार उघडायला गेला आणि कॉल सुरूच राहिला. आई आबांना स्वेटर घालत होती. मला वाटलं, थंडी वाजत असेल. आणि मग मी पाहिलं. तिनं आधी आबांचा उजवा हात घेतला. बाहीच्या टोकातून स्वतःचा हात आत घातला, त्यांची बोटं धरली आणि बाही वर सरकवली. मग डावा.

धडधाकट माणसाला असा स्वेटर कुणी घालत नाही. हे मी रोज सकाळी करत होते. आईला ते कुणीतरी दवाखान्यात शिकवलं असणार, म्हणजे आबा दवाखान्यात होते. भाऊ परत आला, मोबाइल उचलला आणि म्हणाला, नेट लय खराब हाय. मी फोन ठेवला. असा राग मला कधीच आला नव्हता, आणि त्या रागाखाली नुसती भीती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी आईला फोन लावून नुसती फटकारली. किती दिवस झाले, ते आधी सांग. ती आधी टाळाटाळ करत राहिली, मग रडायला लागली. दिवाळी झाल्यावर आबा सकाळी दाढी करता करता पडले होते. कराडला नेताना गाडीत, जीभ जड व्हायच्या आधी, त्यांनीच बजावलं होतं की पोरीला कळवायचं नाही.

"तू पोस्टिंगवर हायीस," आई म्हणाली. "तितं येकटी रडत बसली असतीस. सांगून काय करनार हुतीस?"

मी म्हटलं, मी काय बंदूक घेऊन बसलेय इथं? चमचा घेऊन बसलेय, लोकांच्या बापांना भरवायला. आणि माझ्या बापाचं मला कळू नये? मी येते निघून. वर्ष गेलं खड्ड्यात.

तेव्हा आईनं मोबाइल आबांच्या समोर धरला. पहिल्यांदा समोरून, अख्खा चेहरा. उजवी बाजू ओघळलेली, ओठाचा कोपरा खाली. असे चेहरे मी रोज पुसत होते, त्यातला एखादा मला बघवला नाही असं कधी झालं नव्हतं. हा बघवेना. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, ओठ जुळवले, परत जुळवले.

"ड्यु... टी," ते म्हणाले.

मी ओक्साबोक्शी रडले. रडता रडता म्हणाले, आबा, तुमची ड्युटी घाला चुलीत. आयुष्यात त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते हसले. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसले. डॉक्टर म्हणत होते सुधारणा आहे, आणि आबांची मान नाही-नाही म्हणूनच हलत होती. मी हरले, परत यायचं रद्द केलं. फक्त एक अट घातली. आईला गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली की इथून पुढं काहीही होऊ दे, बरं किंवा वाईट, आधी मला सांगायचं. गावाच्या आधी, भावकीच्या आधी. तिनं शपथ घेतली.

त्यानंतरचे रविवार खरे झाले. मी इकडून शिकवायची आणि आई तिकडं करायची: कूस कशी बदलायची, बोटं कशी मोकळी करायची, पाणी पावडरीनं घट्ट करून कसं पाजायचं म्हणजे ठसका लागत नाही. आई म्हणायची, बाई गं, माझी मास्तरीण झालीस. आबा डाव्या हातानं सलाम ठोकून दाखवायचे. एकदा त्यांनी 'कान' असा शब्द काढला आणि मी टोपी खाली ओढून दाखवली. मला खरंच वाटायला लागलं की सप्टेंबरमध्ये वर्ष संपलं की मी घरी जाईन, आणि माझ्या हातानं त्यांना स्वेटर घालीन.

मार्चमध्ये एका सकाळी मी इंजिनवाल्या आजोबांना नाश्ता भरवत होते. फोन वाजला. आई आठवड्यात मधेच कधी फोन करत नसे. तिचा आवाज इतका कोरडा होता की क्षणभर मी ओळखलाच नाही.

"आबा गेलं," ती म्हणाली. "आत्ता. जेवून पडलं हुतं, च्या द्यायला गेले तर उठलंच न्हाईत."

भाऊ रानात पाणी पाजायला गेला होता. मी विचारलं, तुझ्याजवळ कोण आहे? ती म्हणाली, कोणी नाही, कुणाला सांगितलंच नाही अजून, दार लावून घेतलंय. तुला पहिलं सांगायचं ठरलं होतं ना.

आमच्याकडं कुणी गेलं की फोन करावे लागत नाहीत. घरातली बाई हंबरडा फोडते आणि गल्ली गोळा होते. तो आवाज बाहेर पडू नये म्हणून आई बंद दाराआड, आबांच्या कॉटजवळ, पदर तोंडात धरून बसली होती. फोन लागेपर्यंत तशीच. माझा फोन साइलेंटवर असला असता तर तशीच बसून राहिली असती. मी शपथ घातली होती.

आजोबा तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत होते. मी चमचा खाली ठेवला. मग आईनंच हळूच विचारलं, लहान मुलानं परवानगी मागावी तसं.

"झालं नव्हं तुला सांगून? मग आता रडू का गं मी?"

मी म्हटलं, "रड, आई."