सासूबाईंचं बी आणि माझा पीएच

चहा आधी संपवा, मग सांगतो. तोंडात घोट असताना ऐकलंत तर माझ्या सोफ्याचं वाटोळं व्हायचं. इतका मोठा गाढवपणा आहे हा, आणि तोही शंभर टक्के माझाच. बायकोला साक्षीला बोलवू का? नको, ती तिखटमीठ लावून सांगते.

तर मी इथे कुवेतमध्ये स्विमिंग पूल सांभाळतो. खैरानला समुद्राकाठी बड्या लोकांची सुट्टीची घरं आहेत, तिथले पूल साफ करायचे, क्लोरीन टाकायचं आणि पाण्याचा पीएच तपासायचा. म्हणजे पाणी आंबटाकडे झुकलंय की क्षाराकडे ते बघायचं. चौदा वर्षं हेच करतोय. पीएचच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलेलं चालत नाही.

माझी बायको शारदा लातूरकडची, मी गुहागरचा. अब्बासियात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. यंदा तिने जाहीर केलं, "काही झालं तरी घरी महालक्ष्म्या बसवणार." लग्न होऊन इथे आल्यापासून पहिल्यांदाच! मुखवटे आणले, साड्या आणल्या, आठ कुटुंबांना जेवायला बोलावून टाकलं. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, आणि मुख्य म्हणजे अंबाडीची भाजी. तिच्या माहेरी अंबाडीशिवाय नैवेद्य पुरा होत नाही. तेवढ्यासाठी सासूबाईंनी गावाहून बी पाठवलं, बाल्कनीत सात रोपं उगवली, आणि शारदा रोज त्यांच्याशी गप्पा मारायला लागली. माझ्याशी मारत नाही तेवढ्या!

पण पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, बाकी सगळं पिवळं. तिचा चेहराही तसाच.

म्हटलं, "अगं, पीएचचा माणूस घरात असताना रडतेस काय?" कुंडीतली माती पाण्यात कालवली, गाळली आणि पूलच्या डबीतले लाल थेंब टाकले. पाणी गुलाबी व्हावं ना? ते गुलाबीच्याही पुढे गेलं! इथली माती म्हणजे निम्मा चुनाच. मग मी काय केलं? पूलचं ॲसिड, टोपणभर, बादलीत टाकून घातलं. दुसऱ्या दिवशी एका रोपाने मान टाकली.

"अहो, झाड आहे ते, पूल नाही!" शारदा ओरडली. रोपं सातावरून सहावर आली.

मग मी इंटरनेटला शरण गेलो. एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचे व्हिडिओ सापडले. कुंडीतल्या मातीचा पीएच, नायट्रोजन, मॅग्नेशियम, सगळं इतकं सुरेख सांगायचा की काय विचारता! झाडाचं नाव मात्र घ्यायचा नाही, नुसतं 'प्लांट, प्लांट'. मी पूल झाडताना कानात वायर घालून ऐकायचो, फोन खिशात. बघायला वेळ कुणाला आहे? त्याच्या सांगण्यावरून बेताने व्हिनेगर घातलं, गंधक घातलं, खत घातलं. महिन्याभरात रोपं माझ्या कमरेला लागली. मी इतका खूश झालो की व्हिडिओखाली, माझ्या पूर्ण नावाने, फोटोसकट लिहिलं, "सर, मी कुवेतला असतो. तुमच्या कृपेने सहा झाडं जोरात आहेत. बायकोही फार आनंदात आहे."

त्याचं उत्तर आलं, "कुवेत? भावा, जपून राहा!" मला वाटलं उन्हाचं म्हणतोय. मी त्याला नमस्काराचे दोन हात पाठवले.

महालक्ष्म्यांना दोन दिवस राहिले. खैरानचं काम दुपारीच आटोपलं. घरी येऊन पंख्याखाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तो व्हिडिओ डोळ्यांनी बघितला. दाढीवाल्याच्या मागे झाडंच झाडं. हाताच्या पंजासारखी पानं. आणि मागच्या भिंतीवर नाव लिहिलेलं होतं. गांजा!

मी फोन घेऊन बाल्कनीत धावलो. फोनमधलं पान, कुंडीतलं पान. पुन्हा फोनमधलं, पुन्हा कुंडीतलं. सेम टू सेम! अंबाडी मी जन्मात ताटातच बघितलेली, तीही शिजलेली. झाड कसं असतं ते मला काय माहीत? आणि हा देश कुठला? इथे दारूची बाटली सापडली तरी पहिल्या विमानाने घरी पाठवतात, हे तर अख्खं शेत होतं! बरं, मी ते स्वतःच्या नावाने जगाला कळवलेलंही होतं.

शारदा दवाखान्यात रिसेप्शनला. ड्यूटीवर तिचा फोन कपाटात. मी घाबरत घाबरत सासूबाईंना फोन लावला.

"आई, ते बी पाठवलं होतं ना तुम्ही…"

"अंबाडीचं? आलं का जोरदार?"

"नाव नका घेऊ फोनवर! कुठून आणलं होतं ते?"

"मठातल्या बुवांनी दिलं की. मागल्या मळ्यात ते स्वतःच लावतात."

मठ! बुवा! मी आवाज खाली आणला. "बुवा स्वतः घेतात का हो ते?"

"घेतात म्हणजे? रोज संध्याकाळी! येणाऱ्याजाणाऱ्यालाही आग्रहाने देतात."

"आणि… तुम्ही?"

"आम्ही तर लहानपणापासून, जावईबापू! शारदाच्या बाबांचं तर त्याच्याशिवाय पानच हलायचं नाही. तुम्हीही घ्या भरपूर, लाजू नका."

मी फोन ठेवला. सासरे मास्तर, सोवळ्यातली माणसं म्हणून सोयरीक केली होती हो! त्या बुवाने भोळ्या बाईला अंबाडी म्हणून भलतंच दिलं आणि अख्खं घर पिढ्यान्पिढ्या फोडणी देऊन खातंय, अशी माझी खात्रीच पटली. आता हसताय, पण त्या क्षणी माझ्या जागी बसून बघा!

शारदा यायच्या आत पुरावा नाहीसा करायचा ठरवलं. सहाही झाडं मुळासकट उपटली, मोडली, काळ्या पिशवीत कोंबली. वास येऊ नये म्हणून वरून पूलचं क्लोरीन ओतलं. चांगलं अर्धा कॅन! पिशवी पोटाशी धरून लिफ्टने खाली आलो.

खाली अबू करीम उभा. हा आमच्या इमारतीचा राखणदार, इजिप्तचा, आणि कचऱ्याच्या बाबतीत भलताच कडक. क्लोरीनच्या भपक्याने त्याचं नाक वर झालं.

"ये क्या है? केमिकल कचरे में नो!"

"कुछ नहीं, कुछ नहीं. भाजी है, खराब भाजी."

"भाजी में केमिकल?" म्हणत त्याने पिशवीचं तोंड उघडलं आणि एक फांदी पानांसकट बाहेर ओढली.

संपलं! मी दोन्ही हात जोडले आणि शुद्ध मराठीत किंचाळलो, "माझा काही संबंध नाही! सासूने पाठवलंय!"

लिफ्टजवळची चार माणसं थबकली. आणि नेमकी त्याच क्षणी शारदा दारातून आत आली.

तिने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, फांदीकडे बघितलं. "अहो, माझी अंबाडी…"

मी तिच्या कानात सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने माझ्या शर्टाच्या खिशात अडकलेलं एक पान काढलं, माझ्या तोंडाजवळ धरलं आणि म्हणाली, "चावा."

"अगं, सगळ्यांसमोर…"

"चावा म्हणते ना!"

चावलं. आंबट! कैरीसारखं आंबटढाण.

"अंबाडीचं पान असंच दिसतं. आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं." आणि ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. "अडीच महिने जपली हो मी. आई रोज विचारत होती. परवा नैवेद्याला काय ठेवू आता? तुमचा पीएच?"

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अबू करीमनेही पिशवी बाजूला ठेवून माझ्याकडे अशी काही मान हलवली की बास.

मी तसाच बाहेर पडलो. अब्बासियातलं एकेक भाजीचं दुकान पालथं घातलं. हातात फोटो घेऊन अंबाडी विचारायचो, ती कुणाला कळेना. शेवटी एका आंध्रवाल्याने फोटो बघून आतल्या कोपऱ्याकडे बोट केलं. लाल देठाची, टवटवीत, जुडीवर जुडी रचलेली! त्यांच्याकडे ही रोजची भाजी, म्हणे. मी दुकानातच एक पान चावून बघितलं. आता माझा डोळ्यांवर विश्वास नव्हता. सहा जुड्या उचलल्या.

शारदाने जुड्या हातात घेऊन निरखल्या. "देठ लाल आहे. आईचं बी वेगळं होतं."

"चालेल ना पण?"

"चालवून घेतील महालक्ष्म्या. मला नवरा कसा मिळालाय, ते त्यांनाही दिसतंय."

नैवेद्य झाला, अगदी साग्रसंगीत. शारदाचे डोळे भरून आले, माझेही. पण लिफ्टजवळच्या चार जणांपैकी एक होता आमचा फोरमन सावंत, आणि तो पंगतीला हजर! मग काय, आठही कुटुंबांना सगळं कळलं. जो तो ताट पुढे करतोय. "वहिनी, अंबाडी वाढा अजून, अजून काही चढली नाही!"

मी मान खाली घालून जेवत होतो. बायकोला बरं वाटावं म्हणून चार वेळा भाजी घेतली, वर पुरणपोळ्या आणि तूप. हात धुऊन सोफ्यावर जरा टेकलो. तेवढंच मला आठवतं.

जागा झालो तेव्हा दिवेलागण झाली होती. तोंड उघडं, घोरत पडलेलो, आणि समोर पाहुणे अर्धगोल करून बसलेले. शारदाने व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना मला दाखवत म्हटलं, "बघ गं आई, चाळीस माणसं जेवली, पण चढली ती ह्या एकट्यालाच!"